पीटर ससा आणि अडीचशे प्रती



मागे एकदा मराठीच्या तासाला सातवीतल्या एका मुलाने विचारले होते, की लेखकाचे पुस्तक लिहून झाले की ते छापून कोण देते? प्रश्न साधा होता. मी उत्तर दिले, प्रकाशक. लगेच त्याचा दुसरा प्रश्न आला, आणि प्रकाशक नाही म्हणाला तर? त्यावर तासाची घंटा झाली आणि मी सुटलो. पण तो प्रश्न मनात राहिला. त्याचे उत्तर म्हणून या अंकात एका इंग्रज लेखिकेची हकीकत सांगतो. तिचे नाव बीट्रिक्स पॉटर. तुमच्यापैकी काहींनी निळा कोट घातलेला पीटर नावाचा ससा चित्रपटात पाहिला असेल. २०१८ साली तो चित्रपट आला होता. तो ससा या बाईंचा. आणि तो जगापुढे प्रथम आला तो कोणा प्रकाशकाच्या कृपेने नव्हे, तर बाईंनी पदरमोड करून छापलेल्या अडीचशे प्रतींतून.

हेलन बीट्रिक्स पॉटर हिचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. घर श्रीमंत होते. आजोबांचा कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. वडील रूपर्ट हे बॅरिस्टर, पण वकिली फारशी करीत नसत. फोटो काढणे आणि चित्रकार मित्रांकडे जाणे-येणे, यात त्यांचा वेळ जाई. अशा घरातल्या मुलीला त्या काळी शाळेत पाठवण्याची रीत नव्हती. बीट्रिक्स कधीही शाळेत गेली नाही. घरी शिकवायला बाई येत. ती आणि तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेला भाऊ बर्ट्रम यांचे बालपण घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेले. पुढे भाऊ शाळेत गेला आणि ती एकटी राहिली.

एकटी म्हणायची ती माणसांच्या हिशेबाने. त्या खोलीत ससे होते, उंदीर होते, साळूसारखा काटेरी हेजहॉग होता, बेडूक, सरडे, वटवाघळेसुद्धा होती. ती त्यांचे तासन्तास निरीक्षण करी आणि चित्रे काढी. ससा बसतो तेव्हा त्याचे मागचे पाय कसे दुमडतात, कान कुठून फुटतात, हे तिने इतके पाहिले होते की पुढे तिच्या सशाने कोट घातला तरी तो ससाच राहिला. याच काळात, पंधराएक वर्षांची असताना, तिने एक रोजनिशी सुरू केली. ती तिने स्वतः तयार केलेल्या गुप्त लिपीत लिहिली होती. ती लिपी इतकी पक्की की बाईंच्या मृत्यूनंतर लेस्ली लिंडर नावाच्या एका चाहत्याला ती उलगडायला कित्येक वर्षे लागली, आणि १९५८ साली त्याला किल्ली सापडली. आपल्या वहीच्या शेवटच्या पानांवर मैत्रिणींना कळू नये म्हणून सांकेतिक अक्षरे लिहिणाऱ्या मुलींना हे वाचून आनंद होईल, असे वाटते.

तिला मुख्य ध्यास होता तो निसर्गाच्या अभ्यासाचा. अळंब्या, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्या, यांचा तिने सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. त्यांची शेकडो चित्रे काढली. त्यांच्या बीजाणूंवर एक शोधनिबंधही लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला, पण तिने नव्हे, एका पुरुष शास्त्रज्ञाने. कारण त्या संस्थेच्या सभेला स्त्रियांना बसता येत नसे. निबंध तिने परत घेतला आणि तो कधी छापला गेला नाही. तेव्हा ती तीस वर्षांची होती. आई-वडिलांच्या घरी राहत होती, लग्न झाले नव्हते, आणि स्वतःची म्हणावी अशी कमाई नव्हती. खरे तर अगदीच नव्हती असे नाही. १८९० साली तिने सशाची काही चित्रे शुभेच्छापत्रे छापणाऱ्या एका कंपनीला विकली होती आणि त्याचे सहा पौंड मिळाले होते. पण त्यावर कोणी जगू शकत नाही.

आता गोष्ट सुरू होते ती एका पत्रापासून. बीट्रिक्सला शेवटी शिकवायला आलेल्या बाई, ॲनी कार्टर, तिच्याहून थोड्याच मोठ्या होत्या. त्या पुढे लग्न करून ॲनी मूर झाल्या. दोघींची मैत्री टिकली. ॲनीचा थोरला मुलगा नोएल पाच वर्षांचा असताना आजारी पडला. बीट्रिक्स तेव्हा घरच्यांबरोबर स्कॉटलंडमध्ये होती. ४ सप्टेंबर १८९३ रोजी तिने नोएलला पत्र लिहायला घेतले. लिहिण्यासारखे काही सुचेना, म्हणून तिने त्याला चार सशांची गोष्ट लिहिली आणि मधूनमधून चित्रे काढली. तीन शहाणे ससे आणि एक खोडकर, तो पीटर. आईने नको म्हटलेल्या बागेत तो शिरतो, माळ्याच्या हाती सापडता सापडता वाचतो, कोट आणि बूट तिथेच टाकून घरी पळतो. एवढेच. आजारी मुलाला आठ पानांचे पत्र मिळाले आणि तो प्रसंग तिथेच संपला.

मूर कुटुंबातल्या इतर मुलांनाही तिने अशी पत्रे लिहिली होती. मुलांनी ती जपून ठेवली. १९०० च्या सुमारास ॲनीबाईंनी सुचवले की यांची पुस्तके का करीत नाहीस? बीट्रिक्सने नोएलकडून ते सात वर्षांपूर्वीचे पत्र उसने मागून घेतले. त्याची नक्कल केली. गोष्ट वाढवली, चाळीसहून अधिक चित्रे शाईने रेखाटली, मुखपृष्ठाच्या आत लावण्यासाठी एक रंगीत चित्र केले आणि एका वहीत सगळे नीट मांडून प्रकाशकांकडे पाठवायला सुरुवात केली.

मित्रांनो, इथून पुढे आपण त्यांना बाई म्हणू, कारण इथून पुढचे काम हे खऱ्या अर्थाने कामकाजी बाईचे आहे.

निदान सहा प्रकाशकांनी नकार दिला. गोष्ट वाईट आहे असे कोणी म्हटल्याचे दिसत नाही. भांडण होते ते पुस्तकाच्या अंगकाठीवरून. प्रकाशकांना पुस्तक मोठे हवे होते, कारण मोठ्या पुस्तकाला मोठी किंमत लावता येते. काहींना गद्याऐवजी कविता हव्या होत्या. चित्रे रंगीत हवी होती. बाईंचे म्हणणे वेगळे होते. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावले पाहिजे. एका पानावर चित्र आणि समोरच्या पानावर दोन-चार ओळी, म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही पान कधी उलटायचे ते कळेल. आणि किंमत एक शिलिंगाच्या वर जाता कामा नये. सहा शिलिंगांचे पुस्तक आपल्या वाचकांना परवडणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शिलिंग म्हणजे किती, हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. त्या वर्षांत आपला रुपया एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स, असा बांधलेला होता. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा! त्यामुळे बाईंना हवी होती ती किंमत बारा आणे, आणि सहा शिलिंग म्हणजे साडेचार रुपये. घरातल्या आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणीसुद्धा साडेचार रुपयांचे गोष्टीचे पुस्तक कोणी सहज हातात ठेवले असते का.

नकार येत राहिले तेव्हा बाईंनी ठरवले की आपणच छापायचे. स्वतःच्या शिल्लकीतून पैसे काढले आणि लंडनच्या स्ट्रेंजवेज नावाच्या छापखान्याला २५० प्रतींचे काम दिले.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. ज्याने कधी शाळेच्या स्मरणिकेचे काम अंगावर घेतले असेल त्याला विचारा, त्यात काय काय येते. आधी आकार ठरवा. मग कागद. एका मोठ्या तावावर एका वेळी अनेक पाने छापली जातात आणि मग तो ताव घडी घालून कापला जातो, त्याला आपल्याकडे फर्मा म्हणतात. म्हणून पानांची संख्या मनाला येईल तशी ठेवता येत नाही. मजकूर त्या काळी एकेक शिशाचा खिळा जुळवून केला जाई. चित्रे खिळ्यांत होत नाहीत. त्यांचे ठसे करावे लागतात. शाईच्या रेघांच्या चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, मग पत्र्यावर आम्ल घालायचे. रेघ सोडून बाकीचा भाग आम्ल खाऊन टाकते, रेघ उंच राहते आणि तिच्यावर शाई लागते. चाळीस चित्रे म्हणजे असे चाळीस ठसे. ते एका ठिकाणी करून घ्यायचे, रंगीत चित्र दुसऱ्या ठिकाणी, छपाई तिसऱ्या ठिकाणी. बाईंनी तसेच केले. जस्ताचे ठसे एका कंपनीकडून, रंगीत मुखचित्र हेन्शेल यांच्याकडून आणि छपाई स्ट्रेंजवेज यांच्याकडे. प्रकाशक असता तर हे सगळे त्याच्या कारकुनाने पाहिले असते.

रंगीत चित्रे एकच का, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते. रंगीत छपाईला एका चित्राचे तीन ठसे लागत, पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईचे. तोच कागद तीन वेळा यंत्रातून काढायचा आणि तिन्ही वेळा रंग नेमके एकमेकांवर बसले पाहिजेत, केसभर सरकले तरी सशाला दोन नाके दिसतील. कागदही गुळगुळीत, महाग लागतो. चाळीस चित्रांना हा खर्च केला तर शिलिंगाचे पुस्तक होणे शक्य नव्हते. शिवाय बाईंचे चित्रकार म्हणून एक प्रामाणिक मत होते. ससे तपकिरी आणि बाग हिरवी, पानोपानी तेच दोन रंग, त्यात रंगीत म्हणून फार पाहण्यासारखे काही नाही, असे त्यांना वाटे. या मताशी मी सहमत नाही. पण आपल्याच चित्रांकडे इतक्या कोरडेपणाने पाहणे किती जणांना जमते?

आता २५० चा आकडा. तुम्हाला वाटेल, छापायच्याच तर हजार का नाही छापल्या? छपाईचे गणित असे असते. खिळे जुळवणे आणि ठसे करणे, हा खर्च एक प्रत काढा की हजार काढा, तेवढाच. म्हणून प्रती जितक्या जास्त, तितकी एक प्रत स्वस्त पडते. छापखानेवाला हेच सांगतो आणि नवा लेखक मोहात पडतो. पण कागद आणि बांधणी प्रत्येक प्रतीला लागतेच, आणि विकल्या न गेलेल्या प्रती कुठेतरी ठेवाव्या लागतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हौसेने आपल्या कवितांच्या हजार प्रती काढल्या. पंचवीस वर्षे झाली, त्यांच्या माळ्यावर अजून गठ्ठे आहेत आणि दर दिवाळीला घर साफ करताना घरात त्यावरून बोलणे होते. बाईंनी जेवढ्या आपण नक्की खपवू शकू तेवढ्याच छापल्या. नातेवाईक, मैत्रिणी, ओळखीची मुले यांची मनातल्या मनात मोजणी करूनच हा आकडा आला असला पाहिजे.

१६ डिसेंबर १९०१ रोजी प्रती तयार होऊन आल्या. नाताळ आठ-दहा दिवसांवर होता. काही प्रती त्यांनी भेट दिल्या आणि बाकीच्या विकल्या. किंमत एक शिलिंग दोन पेन्स, आपल्या हिशेबाने चौदा आणे. स्वतःच्या पुस्तकाला किंमत लावून ती ओळखीच्या माणसाकडून घेणे, हे किती अवघड काम आहे ते ज्याने केले त्यालाच कळते. मागणारे बहुतेक जण प्रत फुकट मिळेल असे धरून चालतात. बाईंना संकोच झाला असेल, पण त्यांनी पैसे घेतले. घेणाऱ्यांमध्ये शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हेही होते. त्यांनी आपल्या मुलांसाठी प्रत घेतली आणि गोष्टीबद्दल चांगला अभिप्राय दिला. एक-दोन आठवड्यांतच प्रती संपत आल्या आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये बाईंना आणखी २०० छापून घ्याव्या लागल्या. ठसे आधीचेच होते, त्यामुळे ते पुन्हा करायला लागले नाहीत. या खेपेला मजकुरातल्या काही लहानसहान चुका दुरुस्त करून घेतल्या आणि पहिल्या खेपेला सपाट असलेला पुस्तकाचा कणा गोलाकार करून घेतला.

इकडे दुसरी एक हालचाल चालू होती. कॅनन रॉन्सली नावाचे एक धर्मोपदेशक पॉटर कुटुंबाचे स्नेही होते. त्यांनी हीच गोष्ट पद्यात रचून, बाईंच्या चित्रांसह, प्रकाशकांकडे धाडली होती. त्यात फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी होती. पूर्वी नकार देणाऱ्यांमध्ये हीच कंपनी होती. वॉर्न मंडळींनी पद्य वाचले आणि ते नको, बाईंचे साधे गद्यच बरे, असे कळवले. खाजगी आवृत्ती हातात येते न येते तोच त्यांचा होकारही आला. फक्त अट एक, सगळी चित्रे रंगीत हवीत.

इथे बाईंची जागा बदललेली होती, हे लक्षात घ्या. हातात छापील पुस्तक होते, ते विकले जात होते. पुस्तक लहान ठेवायचे, किंमत शिलिंगच ठेवायची, हे वॉर्न यांनी मान्य केले. रंगाचे बाईंनी मान्य केले. काही चित्रे गाळली, उरलेली सुमारे तीस पुन्हा रंगात काढली. आकडा मोठा असला की रंगाचा खर्चही प्रतीमागे कमी पडतो, हे वॉर्न यांचे गणित, आणि ते बरोबर निघाले. ऑक्टोबर १९०२ मध्ये ८,००० प्रतींची आवृत्ती निघाली. साध्या पुठ्ठ्याची प्रत एक शिलिंग, कापडी बांधणीची दीड शिलिंग. ती सगळी आवृत्ती पुस्तक बाजारात येण्याआधीच मागणीत संपली. वर्ष संपेपर्यंत २८,००० प्रती छापल्या गेल्या, आणि १९०३ अखेर हा आकडा ५६,४७० वर गेला. बाईंना स्वतःलाच याचे आश्चर्य वाटले. लोकांना ससे एवढे आवडत असतील याची त्यांना कल्पना नव्हती.

आता कोणी म्हणेल, प्रकाशक मिळाला, स्वतः छापण्याचा व्याप संपला. नाही. त्याच डिसेंबरमध्ये, १९०२ साली, बाईंनी पुन्हा पदरच्या पैशाने एक पुस्तक छापले. ही गोष्ट ग्लॉस्टर गावच्या शिंप्याची. आजारी शिंप्याचे अपुरे राहिलेले काम उंदीर रात्रीतून शिवून पुरे करतात. या गोष्टीला खऱ्या शिंप्याच्या एका हकिकतीचा आधार होता. बाईंनी ती मूर कुटुंबातल्या फ्रेडा या मुलीला नाताळची भेट म्हणून लिहून दिली होती. त्यांना त्यात जुनी बालगाणी भरपूर घालायची होती. वॉर्न इतक्या लवकर दुसरे पुस्तक घेणार नाहीत, आणि घेतले तर गाणी कापतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून आधी ५०० प्रती मनासारख्या छापून घेतल्या. पुढच्या वर्षी वॉर्न यांनी ते पुस्तक काढले, आणि गाणी खरोखरच बरीच कापली. बाईंनी ते चालवून घेतले. मनासारखे पुस्तक आधीच निघाले होते, त्यामुळे तडजोड करणे जड गेले नसावे.

व्यवहाराचा एक फटका मात्र बसला. अमेरिकेत पीटर सशाच्या पुस्तकाचा हक्क नोंदवायचा राहून गेला. १९०४ साली फिलाडेल्फियाच्या एका प्रकाशकाने बिनदिक्कत स्वतःची आवृत्ती काढली आणि विकली. मग इतरांनीही काढल्या. त्यातली एक कवडीही बाईंना मिळाली नाही. एका नोंदणीच्या कागदाची ती किंमत होती. बाई त्यातून शिकल्या म्हणा किंवा त्यांना ते आधीच कळले होते म्हणा, १९०३ च्या डिसेंबरमध्येच त्यांनी स्वतः शिवलेल्या पीटर सशाच्या बाहुलीची सरकारदरबारी नोंद करून ठेवली होती. पुस्तकातल्या पात्रावरून खेळणी काढण्याचा धंदा आज केवढा मोठा आहे! त्याची ही अगदी सुरुवातीची पायरी. पुढे पीटरवरून पटावरचा खेळ निघाला, भिंतीला लावायचा कागद निघाला, आणि प्रत्येक नमुना बाई स्वतः तपासत.

पुस्तकांचे काम वॉर्न बंधूंपैकी नॉर्मन वॉर्न पाहत. पत्रे जात-येत राहिली, चित्रे, ठसे, कागद, रंग यांबद्दल. त्यातून स्नेह जुळला आणि जुलै १९०५ मध्ये नॉर्मन यांनी लग्नाची मागणी घातली. बाई एकोणचाळीस वर्षांच्या होत होत्या. आई-वडिलांनी विरोध केला. मुलगा धंदेवाल्या घरातला, हे त्यांचे कारण. (स्वतःच्या घरचा पैसा कापडाच्या कारखान्यातून आलेला, हे ते विसरले होते!) बाईंनी होकार मागे घेतला नाही. पण महिन्याभरातच, २५ ऑगस्ट १९०५ रोजी, नॉर्मन यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. ते सदतीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी बाईंनी इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात नियर सॉरे या खेड्यात हिल टॉप नावाची शेतवाडी विकत घेतली. पैसे आले ते पुस्तकांच्या मानधनातून आणि नात्यातल्या एका बाईने ठेवलेल्या रकमेतून. आई-वडिलांच्या घराबाहेर त्यांचे स्वतःचे असे हे पहिले घर. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी आपली बहुतेक उत्तम पुस्तके लिहिली आणि त्यातल्या अनेकांत हीच वाडी, तिचा जिना, तिची बाग दिसते. जमिनीच्या व्यवहारांत मदत करणारे तिथले वकील विल्यम हीलिस यांच्याशी १५ ऑक्टोबर १९१३ रोजी त्यांचे लग्न झाले. आई-वडिलांना हेही पसंत नव्हते. त्यानंतर लेखन कमी होत गेले. डोळे थकत होते, आणि त्यांना मेंढ्यांत जास्त रस वाटू लागला होता.

तरी १९१७ साली प्रकाशनाने त्यांना पुन्हा गाठले. वॉर्न कंपनीचे एक चालक, नॉर्मन यांचेच भाऊ हॅरल्ड, बनावट हुंड्यांच्या गुन्ह्यात पकडले गेले आणि त्यांना शिक्षा झाली. कंपनी बुडण्याच्या बेताला आली. बाईंचे बरेच मानधन थकलेले होते. गेल्या काही वर्षांत हिशेब वेळेवर येत नाहीत म्हणून त्यांनी तक्रारीही केल्या होत्या. त्यांनी कोर्टात धाव घेऊन उरलेसुरले वसूल केले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी जुनी चित्रे आणि बालगाणी जमवून कंपनीला त्याच वर्षी एक नवे पुस्तक दिले. कंपनी सावरली. यात नॉर्मनची आठवण किती आणि व्यवहार किती, हे सांगणे कठीण आहे. कंपनी गेली असती तर पुस्तकेही गेली असती, हेही खरेच.

छोट्या आकाराची त्यांची एकूण २३ पुस्तके झाली. पीटर सशाचे पुस्तक आजवर चार कोटींहून अधिक खपले आहे आणि तीसहून अधिक भाषांत गेले आहे. आणि आकार? अजूनही तळहातावर मावेल एवढाच.

शेवटची तीस वर्षे बाई खेड्यात श्रीमती हीलिस म्हणून ओळखल्या जात. जाड लोकरीचे कपडे, पायात लाकडी तळाचे बूट. एक-एक करून त्यांनी शेतवाड्या विकत घेतल्या. कारण तिथे बंगले बांधणारे येऊ लागले होते आणि डोंगरावरची हर्डविक जातीची काटक मेंढी नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. १९२७ साली विंडरमिअर तलावाच्या काठचा एक तुकडा वाचवायचा होता, तेव्हा त्यांनी पीटर सशाची ५० चित्रे हाताने काढून अमेरिकेत बॉस्टनला पाठवली. ज्या देशात त्यांच्या पुस्तकाच्या चोरट्या प्रती खपल्या, तिथल्या वाचकांनी ती एकेक गिनीला विकत घेतली. १९४३ साली हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेने त्यांना अध्यक्ष निवडले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पद हाती घेण्याआधीच २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि पंधरा शेतवाड्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेल्या. पद्य रचणारे ते रॉन्सली या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. मृत्युपत्रात एक अटही होती. डोंगरावरच्या वाड्यांतले कळप शुद्ध हर्डविक जातीचेच ठेवावेत. ते कळप अजून तिथे चरतात.